छोट्या इमारतीसाठी बांधकाम नियमांत थोडी सूट : ठाणे आणि नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचे सेक्रेटरी, भावाभावांची मिळून असलेली तळ अधिक तीन मजली इमारत सांभाळणारे, पुनर्विकासाच्या बैठकांना कंटाळलेले रहिवासी अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मोठे टॉवर आणि टाउनशिप यांचा हा विषय नाही. बाजूला अर्धा मीटर कमी पडतो, लिफ्टला जागा नाही, प्लॉटच वाकडा आहे, अशा दुखण्यांबद्दल हे पान आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. ‘सूट’ म्हणजे नक्की काय मागायचं असतं?

नियमाने ठरवून दिलेलं एखादं माप तुमच्या प्लॉटवर पाळणं खरोखर अवघड असेल, तर तेवढ्या एका मापापुरती आयुक्तांकडे मागायची ही खास परवानगी आहे. बाकीचा नकाशा नियमातच बसावा लागतो. सगळं बांधून झाल्यावर ‘तेवढं सांभाळून घ्या’ म्हणणं ही सूट नव्हे. ते प्रकरण वेगळं आहे आणि त्याची वाटही वेगळी, ती प्रश्न १५ मध्ये आहे.

२. ठाण्याचे नियम वेगळे आणि नवी मुंबईचे वेगळे ना?

पूर्वी होते. २ डिसेंबर २०२० ला राज्य शासनाने एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तिला सगळे यूडीसीपीआरच म्हणतात. ठाणे महापालिका आणि नवी मुंबई महापालिका दोन्ही तिच्याखाली येतात. बृहन्मुंबईला ती लागू नाही, त्यामुळे मुलुंडच्या मेव्हण्याच्या सोसायटीला काय मिळालं हे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे उपयोगाचं नाही. एमआयडीसीलाही ती लागू नाही. तुमची इमारत रबाळे, महापे, पावणे या औद्योगिक पट्ट्यातल्या भूखंडावर असेल, तर नकाशा मंजूर करणारं कार्यालय महापालिकेचं नसून एमआयडीसीचं. अर्ज करण्याआधी आपली जमीन कोणाच्या हद्दीत येते ते बघून घ्या. चुकीच्या खिडकीवर महिने गेलेली माणसं कमी नाहीत.

३. सूट देण्याचा अधिकार कोणाला? वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला तर चालेल का?

नाही. प्रभाग समितीचं कार्यालय अनधिकृत बांधकामावर नोटीस काढतं, सूट देत नाही. ठाण्यात अर्ज पाचपाखाडीच्या मुख्यालयातल्या शहर विकास विभागाकडे जातो, नवी मुंबईत बेलापूरच्या मुख्यालयातल्या नगररचना विभागाकडे. अर्ज तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा नसतो. नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन दाखल होतो. फाइल कनिष्ठ अभियंत्याच्या स्थळपाहणीपासून सुरू होऊन सहायक संचालक, नगररचना यांच्या टेबलावरून आयुक्तांकडे पोचते. आयुक्तांनी सूट दिली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि ही कारणं फाइलवर तुमच्याच अर्जातून येतात. म्हणून अर्ज लिहिणाऱ्याच्या लेखणीला महत्त्व आहे.

४. कशात सूट मिळू शकते आणि कशात मागूच नये?

नियमाचा गाभा सांगतो. अडचण स्पष्ट दाखवता आली तर मापांमध्ये बदल करता येतो. आरोग्य, आगीपासून सुरक्षितता, बांधकामाची मजबुती आणि आजूबाजूच्या लोकांची सुरक्षितता यांना मात्र धक्का लागता कामा नये.

मापं म्हणजे बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमधली मोकळी जागा, सगळे त्याला मार्जिनच म्हणतात), इमारतीच्या आतल्या मोकळ्या चौकाची रुंदी, जिन्याची किंवा रॅम्पची जागा, अशा गोष्टी. चटई क्षेत्र म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधकाम करता येतं तो हिशेब) यात येत नाही. नियमावलीत स्वतंत्र तरतूद असेल तेवढाच एफएसआय मिळतो, ‘अडचण आहे’ म्हणून वाढवून मिळत नाही. रस्त्याकडच्या अंतरालाही हात लावू देत नाहीत. रस्त्याकडच्या बाजूला मीटरभर पुढे येऊ का, या प्रश्नाला एका ओळीत उत्तर : नका विचारू.

काही गोष्टी आयुक्तांच्याही हातात नाहीत. खाडीकिनारचं सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, विमानतळ प्राधिकरणाने ठरवलेली उंची, येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र, रेल्वे किंवा संरक्षण खात्याचे निर्बंध, उच्चदाब वीजवाहिनीपासूनचं अंतर, हे दुसऱ्या कायद्यांचे विषय आहेत. तिथे महापालिकेची सूट म्हणजे नुसता कागद.

पार्किंगबद्दल बरेच जण विचारतात. गाड्यांची संख्या कमी करून मागण्यापेक्षा यांत्रिक पार्किंगने संख्या भरून काढणं सोपं जातं. छोट्या प्लॉटवर ते देखभालीला डोकेदुखी ठरतं हेही खरं.

५. ‘अडचण’ म्हणजे काय धरतात? आमची अडचण तर सगळ्यांना दिसते.

दिसते, पण फाइलमध्ये दिसत नाही. बहुतेक अर्ज इथेच पडतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची नाही. ‘कुटुंब वाढलं’, ‘आई-वडील वृद्ध आहेत’, ‘बिल्डरला परवडत नाही’ ही कारणं खरी असतील, पण त्यांनी प्लॉट अरुंद होत नाही. चालतात ती कारणं अशी : प्लॉटचा आकार वेडावाकडा आहे, मागे निमुळता होतो, मधून नाला किंवा जुनी विहीर जाते, रस्तारुंदीत आधीच पुढची जागा गेली आहे, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती सीमेला चिकटून आहेत. आणि ही परिस्थिती तुम्ही स्वतः निर्माण केलेली नसावी. प्लॉटचे दोन तुकडे करून एक विकला आणि मग उरलेला अरुंद आहे म्हणून सूट मागितली, तर अधिकारी हसून फाइल परत करतील, आणि ते बरोबरच आहे.

उदाहरण घेऊ. समजा नौपाड्यातला एक प्लॉट पुढे १४ मीटर रुंद आणि मागे ११.६ मीटर आहे. दोन्ही बाजूंना नियमाने ३ मीटर सोडायचे आहेत. पुढच्या भागात इमारतीला ८ मीटर रुंदी मिळते, मागे ५.६ मीटर. या ५.६ मध्ये जिना, लिफ्ट आणि एक नीट खोली शेजारी शेजारी बसत नाही. आता अर्जात दोन प्रकारे लिहिता येतं. पहिला : ‘प्लॉट अरुंद असल्याने मार्जिनमध्ये सूट मिळावी.’ दुसरा : ‘मागील ६.२ मीटर लांबीपुरतं पूर्वेकडचं सामासिक अंतर ३ ऐवजी २.४ मीटर प्रस्तावित आहे. या भागात फक्त जिना व शौचालय येतं, राहत्या खोलीची खिडकी येत नाही. पश्चिमेकडे पूर्ण ३ मीटर ठेवले असून सगळ्या राहत्या खोल्यांचा उजेड-वारा त्या बाजूने आहे.’ दुसऱ्या मजकुरात सूट किती, कुठे, किती लांबीपर्यंत, आणि तिने कोणाचं काय बिघडत नाही, हे चारही मुद्दे आले. आयुक्तांना लिहायची कारणं तयार मिळाली. सूट कमीत कमी हवी आणि एकाच जागी हवी. चारही बाजूंना थोडी थोडी मागणारा नकाशा बघितला की प्लॉटच्या मानाने इमारतच मोठी काढली आहे हे लगेच कळतं.

मोजमापाबद्दल एक बारीक गोष्ट. अंतर प्लॉटच्या कायदेशीर हद्दीपासून मोजतात, कंपाउंडच्या भिंतीपासून नाही. जुन्या ठाण्यात भिंत हद्दीच्या आत किंवा बाहेर हातभर सरकलेली असणं नेहमीचं आहे. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून तिची ‘क’ प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणी नकाशा, आधी हातात घ्या. २.४ मीटर अंतर ठेवायची सूट मिळवली आणि हद्द निघाली भिंतीच्या अलीकडे, तर प्रत्यक्षात उरले २.१. मग जोते तपासणीला फाइल अडते आणि तोवर खड्डे भरलेले असतात.

६. इमारत थोडी उंच झाली तर मार्जिन वाढतं असं ऐकलं. किती?

१५ मीटरपर्यंतच्या इमारतीला तक्त्यातली ठरलेली अंतरं लागतात. त्यापुढे बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश या हिशेबाने वाढतं. २२.५ मीटर उंचीला ४.५ मीटर. छोट्या प्लॉटवर दोन्ही बाजूंना ४.५ मीटर सोडले तर मध्ये काय उरेल ते स्वतःच मांडून बघा. शिवाय उंच इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरायला ६ मीटरची मोकळी वाट लागते आणि तिच्यात तडजोड करायला अग्निशमन विभाग तयार होत नाही, होऊही नये. पुष्कळदा एक मजला कमी केला की सूट मागायची गरजच राहत नाही. वास्तुविशारदाला दोन्ही पर्याय काढून दाखवायला सांगा.

७. कोणते कागद लागतात?

मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा ठराव, संरचना अभियंत्याचा दाखला, प्रस्तावित नकाशा, लागू असेल तिथे अग्निशमनचा अभिप्राय. सिडकोची जमीन असेल तर प्रश्न १२ मधला दाखलाही. नकाशावर सूट मागितलेला भाग वेगळ्या रंगात आणि शेजारी छोटा तक्ता : नियमाने किती, प्रस्तावित किती, कमी किती. शेजारच्या इमारती आणि त्यांच्या खिडक्या दाखवणारे फोटो जोडा. ते कोणी मागत नाही, पण स्थळपाहणी करणाऱ्या अभियंत्याचं काम सोपं होतं.

८. आमच्या इमारतीचा मंजूर नकाशाच सापडत नाही. आता?

सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या अभिलेख कक्षात शोधा आणि माहिती अधिकाराखाली साक्षांकित प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. नवी मुंबईत जुन्या इमारतींचे नकाशे सिडकोने मंजूर केलेले असतात. महापालिका १९९२ मध्ये सुरू झाली आणि बांधकाम परवानगीचा अधिकार तिच्याकडे त्यानंतर आला. तेव्हा वाशी, नेरूळ, बेलापूरच्या सुरुवातीच्या इमारतींसाठी सिडको भवनात विचारा. ठाण्यातही महापालिका १९८२ ची, त्याआधी नगरपालिका होती. साठ-सत्तरच्या दशकातल्या चरई-नौपाड्याच्या इमारतींच्या फाइली त्या काळातल्या. नोंदणीकृत खरेदीखताला जोडलेली नकाशाची प्रतही कामी येते, रहिवाशांपैकी मूळ खरेदीदार कोणी असेल तर आधी त्यांच्या घरी विचारा. काहीच मिळालं नाही तर वास्तुविशारदाकडून आहे तशी मोजमापं घेऊन नकाशा तयार करता येतो, पण तो मंजूर नकाशाची जागा घेत नाही.

९. खर्च किती येतो?

आकडा इथे लिहिणार नाही, कारण तो तुमच्या भागाच्या वार्षिक बाजारमूल्य दरावर आणि सूट किती त्यावर ठरतो. शीर्षकं माहीत असू द्या : छाननी शुल्क, विकास शुल्क, सवलतीसाठीचं अधिमूल्य म्हणजे प्रीमियम, अनामत रक्कम, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर. यात वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि मोजणीची फी धरा. या सगळ्याची पावती मिळते. जिची पावती मिळत नाही ती रक्कम या यादीत नाही.

१०. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळालीच असं धरता येतं ना?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४५ : ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिल्याचं मानलं जातं. एवढं वाचून लोक खूश होतात, पुढचं परंतुक वाचत नाहीत. प्रस्ताव सर्व नियमांत काटेकोर बसत असेल तरच मानीव परवानगी मिळते. सूट मागणारा प्रस्ताव व्याख्येनेच नियमात बसत नसतो. म्हणजे तुमच्यासाठी ही वाट बंद आहे. ६१ व्या दिवशी खोदकाम सुरू केलं तर ते अनधिकृतच धरलं जाईल. विलंब होत असेल तर लेखी स्मरणपत्र द्या आणि त्रुटी काढल्या आहेत का ते ऑनलाइन बघा. पुष्कळदा त्रुटीपत्र वास्तुविशारदाच्या लॉगिनवर पडून असतं आणि सोसायटी महापालिकेला शिव्या घालत असते.

११. शेजारच्या सोसायटीची संमती घ्यावी लागते का? आणि आमच्याच सोसायटीतला एक सभासद विरोधात असेल तर?

शेजाऱ्याची संमती कायद्याने बंधनकारक नाही, या छोट्या सवलतीसाठी जाहीर हरकती-सूचनाही मागवत नाहीत. तरी मी म्हणेन की आधी जाऊन भेटा. तक्रार आली की फाइल थांबते, आणि शेजाऱ्याकडे एक दिवाणी हत्यारही असतं : सुविधाधिकार अधिनियम १८८२ नुसार २० वर्षं अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगता येतो. महापालिकेने सूट दिली म्हणून तो हक्क संपत नाही. शेजाऱ्याचं ‘आमची हरकत नाही’ असं पत्र मिळालं तर फाइलला जोडा. ते नियमापेक्षा मोठं नाही, पण वजन पडतं.

सोसायटीच्या आत सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, विषय सभेच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेला हवा. एकाच्या विरोधाने ठराव अडत नाही. पण त्याच्याच खिडकीसमोर भिंत येणार असेल तर बहुमताच्या जोरावर पुढे जाऊ नका. त्याची तक्रार खरी आहे. पूर्ण पुनर्विकास असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातली ५१ टक्के संमतीची प्रक्रिया लागू होते. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

१२. नवी मुंबईत जमीन सिडकोची. महापालिकेची परवानगी पुरेशी नाही का?

पुरेशी नाही. सिडकोचे भूखंड मुख्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. महापालिका नियोजन प्राधिकरण, सिडको जमीनमालक. भाडेकराराच्या अटींमध्ये वापर काय, एफएसआय किती, मुदतीत बांधकाम किती, हे लिहिलेलं असतं. वापर बदलायचा किंवा जादा चटई क्षेत्र वापरायचं तर सिडकोचा ना हरकत दाखला आणि तिचं शुल्क लागतं. नुसती मार्जिनची छोटी सूट असली तरी करार उघडून वाचा. सिडकोने स्वतः बांधलेल्या वसाहतींमध्ये सोसायटीऐवजी अपार्टमेंट मालकांची असोसिएशन असते. तिथे ठराव कोणी आणि कसा करायचा हे घोषणापत्रात बघावं लागतं.

१३. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. अर्ज करता येईल?

अर्जदाराचा जमिनीवर हक्क दाखवावा लागतो आणि मिळकत पत्रिकेवर बिल्डर किंवा मूळ मालकाचं नाव असेल तर फाइल पहिल्याच पायरीवर अडते. बिल्डर सही करायला तयार असेल तर प्रश्न नाही. नसेल किंवा सापडतच नसेल तर आधी मोफा म्हणजे सदनिका मालकी कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर) करून घ्या. वेळ जाईल, पण हे काम तसंही कधीतरी करायचंच आहे.

१४. तळ अधिक चार मजले, लिफ्ट नाही, निम्मे रहिवासी सत्तरीपुढचे. मार्जिनमध्ये लिफ्ट बसवता येईल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. अशा मागणीकडे अधिकारी सहानुभूतीने बघतात, कारण ती सोयीपेक्षा गरजेची आहे आणि तिने विकायला एक चौरस फूटही तयार होत नाही. तरीही लिफ्टचा डक्ट मार्जिनमध्ये आल्यावर किती मोकळं अंतर उरतं, कोणाची खिडकी बंद होते, बंब किंवा रुग्णवाहिकेची वाट अडते का, टाकी आणि ड्रेनेजच्या वाहिन्या कुठून जातात, हे दाखवावंच लागतं.

नकाशा काढण्याआधी जिन्यावर उभं राहून एक गोष्ट बघा. जुन्या इमारतींचा जिना अर्ध्यावर वळतो आणि बाहेरच्या भिंतीला लागून असतो तो मधला चौथरा. लिफ्ट बाहेरून चिकटवली की दार उघडतं या मधल्या चौथऱ्यावर, मजल्यावर नाही. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजींना अर्धा जिना राहतोच, आणि चाकाच्या खुर्चीला तर ती लिफ्ट निरुपयोगी. मजल्याच्या पातळीवर दार उघडायचं असेल तर लिफ्टची जागा बदलावी लागते किंवा छोटा पूल काढावा लागतो. यासाठी थोडी जास्त सूट मागावी लागली तरी मागा. अर्धा जिना चढायला लावणाऱ्या लिफ्टवर लाखो रुपये घालवण्यात अर्थ नाही. लिफ्टचा पाया जुन्या इमारतीपासून स्वतंत्र ठेवा. बसवायचा आणि चालवायचा परवाना विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून वेगळा घ्यावा लागतो.

१५. मार्जिनमध्ये गॅरेज किंवा खोली आधीच बांधली आहे, नोटीस आली. आता सूट मागता येईल?

नगररचना अधिनियमाच्या (प्रश्न १०) कलम ५३ ची नोटीस आली असेल तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत नोटिशीची अंमलबजावणी थांबते. मुदत उलटू देऊ नका. पण अर्ज म्हणजे अभय नाही. बांधकाम नियमात बसतं किंवा परवानगी आधी मागितली असती तरी सूट मिळाली असती, असं दाखवता आलं तर दंड भरून नियमित होऊ शकतं. एफएसआय शिल्लक नसेल तर तोडण्याशिवाय मार्ग नाही.

‘२०१७ ला सगळी अनधिकृत बांधकामं माफ झाली’ हे अर्धसत्य अजून फिरतं. त्याच अधिनियमाचं कलम ५२-अ ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरतं आहे आणि त्यालाही भरपूर अटी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की वर्षं उलटली किंवा पैसा गुंतला म्हणून अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही. न्यायालयाच्या आदेशाने अनधिकृत इमारतींवर हातोडा पडलेल्या दिघ्याच्या रहिवाशांना हे सांगावं लागत नाही. आणि ४ एप्रिल २०१३ ला शीळच्या लकी कंपाउंडमध्ये इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हापासून ठाण्यात कोणताही अधिकारी ‘मजबुतीचं नंतर बघू’ म्हणायला धजावत नाही.

१६. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली आहे. हीसुद्धा छोटी सूटच ना?

नाही. जुन्या नकाशात बाल्कनी एफएसआयमधून वगळलेली असेल तर ती बंद केली की चटई क्षेत्र वापरलं जातं, आणि तो मापाचा विषय राहत नाही (प्रश्न ४). नव्या नियमावलीत बाल्कनी बाह्यरेषेच्या आतल्या क्षेत्रात धरलेलीच असते, म्हणून नव्या इमारतीत हा घोळ कमी. जुन्यात शिल्लक एफएसआय आहे का ते आधी तपासा.

१७. गच्ची गळते. पत्र्याची शेड टाकायला परवानगी लागते?

पावसाळ्यापुरतं ताडपत्रीचं आच्छादन आणि कायमची शेड यांत फरक आहे. कायम लोखंडी सांगाड्याला परवानगी घ्या. शेड चारही बाजूंनी उघडी, उंची बेताची, वापर शून्य, असा प्रस्ताव असेल तर बोलता येतं. तिच्या बाजू बंद केल्या, फरशी बसवली, सणावाराचे कार्यक्रम सुरू केले की तो मजला झाला. खरं सांगायचं तर निम्म्या ठिकाणी शेडपेक्षा नीट वॉटरप्रूफिंग स्वस्त पडतं आणि त्याला परवानगीही लागत नाही. गिलावा, रंग, फरशी बदलणं ही दुरुस्तीची कामंही परवानगीशिवाय होतात.

१८. घरपट्टी लावली आहे, वीज-पाणी आहे. म्हणजे बांधकाम अधिकृतच झालं ना?

नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामालाही कर आणि वर शास्ती लावता येते. पावतीवर बहुधा तसा शिक्काही असतो, वाचून बघा.

१९. तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये दवाखाना किंवा ऑफिस चालवायचं आहे. सूट मिळेल?

इथे सूट हा शब्दच लागू नाही, हा वापराचा प्रश्न आहे. निवासी विभागात डॉक्टर, वकील, सीए यांना राहत्या जागेत मर्यादित क्षेत्रात व्यवसाय करू देण्याची तरतूद नियमावलीतच आहे. त्यासाठी आयुक्तांचा विशेष आदेश लागत नाही. दुकान काढायचं तर समोरच्या रस्त्याची रुंदी आणि वापर बदलाची परवानगी आड येते. नवी मुंबईत भाडेकरारही बघा (प्रश्न १२).

२०. आमचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद आहे म्हणून पुनर्विकास अडला. यात सूट मागू का?

नौपाडा, विष्णूनगर, चरईच्या गल्ल्यांतलं हे दुखणं आहे. ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. हा एफएसआयचा नियम असल्याने मापाच्या सवलतीने सुटत नाही. वाट वेगळी आहे : महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ९ मीटरची ठरवणं. गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांनी मिळून मागणी केली आणि प्रत्येकाने आपापला तुकडा सोडायची तयारी दाखवली, तर प्रस्तावात दम येतो. एकट्या सोसायटीने धावपळ करून उपयोग नाही. रेषा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, टोकापासून टोकापर्यंत ठरते.

२१. घर गावठाणात आहे. तिथे मार्जिनचा नियम लागतो का?

लागतो, पण दाट वस्तीचा वेगळा तक्ता आहे आणि अंतरं बरीच कमी आहेत. म्हणून चेंदणी किंवा बेलापूर गावातल्या माणसाने आधी आपली जागा गावठाण हद्दीत आहे हे सिद्ध करावं, सूट मागायची वेळच येणार नाही. नवी मुंबईतल्या गावांभोवती प्रकल्पग्रस्त गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांबाबत शासनाचे स्वतंत्र निर्णय आहेत, त्यात २०२२ मध्ये गावठाणापासून २५० मीटरची मर्यादा आली. ते जमिनीच्या हक्काबद्दल आहे, बांधकामाच्या मापांबद्दल नाही.

२२. प्लॉटवर आरक्षण किंवा रस्तारेषा आहे. ती थोडी सरकवता येईल?

आयुक्तांच्या सवलतीने नाही. विकास योजनेतला तो बदल झाला. त्याला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची प्रक्रिया लागते : महापालिकेचा ठराव, जाहीर सूचना, हरकतींसाठी एक महिना, मग शासनाची मंजुरी. एका छोट्या इमारतीसाठी ही चढण मोठी आहे. आरक्षणाचा भाग वगळून नकाशा बसतो का ते आधी बघा.

२३. सूट नाकारली, किंवा दिली पण जाचक अट घातली. पुढे काय?

नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ नुसार आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अटीविरुद्धही अपील चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तोंडी नकारावर अपील होत नाही, लेखी आदेश मागून घ्या. पण अपिलाआधी नकाराचं कारण वाचा. ‘अग्निशमन अभिप्राय नाही’ असं कारण असेल तर तो आणून सुधारित प्रस्ताव देणं मंत्रालयाच्या फेऱ्यांपेक्षा लवकर होतं.

२४. मिळालेली सूट किती काळ टिकते? पुनर्विकासात तीच वापरता येईल?

सूट त्या मंजूर नकाशापुरती असते. बांधकाम परवानगी १ वर्ष वैध असते आणि वर्षावर्षाने वाढवत कमाल आणखी ३ वर्षं नेता येते. तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर नव्याने अर्ज करायचा आणि त्या वेळचे नियम लागणार. जुनी इमारत पाडली की तिच्यासोबत जुनी सूटही गेली. १९८० मध्ये १.५ मीटर मार्जिनवर मंजुरी मिळाली होती, हा नव्या इमारतीसाठी हक्क होत नाही. प्लॉट तोच आणि अडचण तीच असेल तर मागचा आदेश आधार म्हणून मात्र जरूर जोडा.

अर्जात खोटं माप किंवा जुनी हद्द दाखवून सूट घेतली असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली परवानगी रद्द होऊ शकते, आणि तेव्हा नोटीस वास्तुविशारदाबरोबर सोसायटीच्या नावानेही निघते. सही करण्याआधी सेक्रेटरींनी नकाशावरची मोजमापं ‘क’ प्रतीशी ताडून बघावीत.